मान्सून म्हणजे पाऊस नव्हे

मे महिन्याची वीस-बावीस तारीख उलटली की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एक शब्द रोज दिसू लागतो. मान्सून अंदमानात. मान्सून केरळच्या वेशीवर. मान्सून तळकोकणात. भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. आणि कुणाला विचारलं, बाबा, मान्सून म्हणजे काय, तर उत्तर ठरलेलं: मान्सून म्हणजे पाऊस, दुसरं काय?

आज मला या शब्दाची कुळकथा सांगायची आहे. इंग्रजांनी तो आपल्याला दिला, हे खरं. पण इंग्रजांच्या आधी तो पोर्तुगीजांचा होता. त्यांच्या भाषेत त्याचा उच्चार साधारण 'मोंसांव' असा होतो. गंमत अशी, की ज्या पोर्तुगीजांनी हा शब्द युरोपात नेला, त्यांच्या लेखी त्याचा अर्थ पाऊस असा नव्हता. गोव्यात धो धो पाऊस कोसळत असे, त्या महिन्यांना ते भलत्याच नावानं ओळखत.

आधी या भाषेच्या घरी जाऊन येऊ. पोर्तुगालच्या उत्तरेला, मिन्यो नदीच्या पलीकडे, गॅलिशिया नावाचा प्रदेश आहे. आज तो स्पेनमध्ये मोडतो, पण तिथली भाषा पोर्तुगीजची सख्खी बहीण. मध्ययुगात तर या दोन भाषा वेगळ्या नव्हत्याच. दोन्हीकडचे कवी एकाच भाषेत कविता करत. हा सगळा मुलूख अटलांटिक महासागराच्या तोंडावर बसलेला, त्यामुळे पावसाचा. गॅलिशियाची राजधानी सांतियागो. तिथे वर्षाला सुमारे १८०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरीला तीन हजारांच्या वर पडतो, म्हणजे आकड्यानं आपणच पुढे. पण आपला पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करतो. तिथला पाऊस वर्षभर, हप्त्याहप्त्यानं येत राहतो आणि त्याचा जोर असतो हिवाळ्यात.

अशा ठिकाणी पावसाला शब्द कमी पडतील कसे? साधा पाऊस म्हणजे पोर्तुगीजमध्ये 'शुव्हा'. लॅटिन 'प्लुव्हिया'पासून आलेला. गॅलिशियात बारीक, भुरभुर, छत्री उघडावी की न उघडावी अशा संभ्रमात पाडणाऱ्या पावसाला 'ऑरबायो' म्हणतात. नदी ओलांडून पोर्तुगालमध्ये यावं तर हाच शब्द 'ऑरव्हाल्यु' होतो आणि त्याचा अर्थ होतो दव. एकाच शब्दाला एका काठावर भुरभुर पाऊस म्हणतात, दुसऱ्या काठावर पानावरचं दहिवर. हा शब्द मुळात कुठून आला याबद्दल भाषाशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. गारांना, धुक्याला, गडगडाटी सरीला वेगवेगळे शब्द आहेतच. शिवाय दिवसचे दिवस न थांबणाऱ्या ओल्या, गारठलेल्या हवेला गॅलिशियन माणूस 'इन्व्हेर्निया' म्हणतो. 'इन्व्हेर्नु' म्हणजे हिवाळा, त्यावरून हा शब्द.

आता मुद्दा लक्षात घ्या. पावसाच्या शब्दांनी ज्यांची घरं भरलेली होती, त्यांना आपल्या समुद्रावर येऊन परक्या भाषेतला एक शब्द उसना घ्यावा लागला. का? कारण त्यांना नाव हवं होतं ते पावसासाठी नव्हे. जी गोष्ट त्यांच्या देशात नव्हतीच, तिच्यासाठी हवं होतं. ठरलेल्या महिन्यात एका दिशेनं वाहणारा आणि ठरलेल्या महिन्यात तोंड फिरवणारा वारा, आणि त्या वाऱ्यावर बेतलेलं जहाजांचं वेळापत्रक, हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

तो उसना शब्द अरबी आहे: 'मौसिम'. त्याच्या मुळाशी व, स, म ही तीन अक्षरं आहेत. अरबीत बहुतेक शब्द असे तीन व्यंजनांच्या मुळातून फुटतात. या मुळाचा अर्थ खूण करणं, डाग देणं. वाळवंटातला अरब आपल्या उंटाच्या अंगावर तापल्या लोखंडानं कुळाची खूण उमटवतो, तिला 'वस्म' म्हणतात. 'वसीम' हे नाव आपल्याकडे घरोघरी आढळतं. ज्याच्या चेहऱ्यावर देखणेपणाची खूण आहे तो वसीम. आणि कोरड्या जमिनीवर गवताची हिरवी खूण उमटवतो म्हणून अरबस्तानातल्या हंगामाच्या पहिल्या पावसाला 'वस्मी' म्हणतात. मौसिम म्हणजे खूण करून ठेवलेला काळ. वर्षाच्या अंगावर डाग देऊन ठरवलेली वेळ.

ही ठरलेली वेळ कशाचीही असू शकते. हजच्या दिवसांना मौसिम म्हणतात. पीक हाती येण्याच्या दिवसांना म्हणतात. मोरोक्कोत एखाद्या वलीच्या दर्ग्यावर दरवर्षी भरणाऱ्या जत्रेला 'मूसेम' म्हणतात, आपल्याकडे उरूस म्हणतात तसं. हाच शब्द जहाजांबरोबर फिरला. मलाया-इंडोनेशियात 'मुसिम' झाला, पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत 'म्सिमु' झाला, तुर्कीत 'मेव्हसिम' झाला. सगळीकडे अर्थ एकच: ऋतू, हंगाम, नेमाची वेळ. हिंदुस्तानी बोलीत मात्र तो 'मौसम' होऊन पार आजच्या हवेवर येऊन बसला. 'आज मौसम अच्छा है' असं आपण सहज म्हणतो. अरबी खलाशाला हे वाक्य चमत्कारिक वाटलं असतं. मौसिम एका दिवसाचा कसा असेल?

खलाशाच्या दृष्टीनं मौसिम म्हणजे अमुक बंदरातून अमुक बंदराकडे निघण्याचे दिवस. अरबी समुद्रावर उन्हाळ्यात नैऋत्येकडून वारा वाहतो, तो आफ्रिका आणि अरबस्तानकडून जहाजं आपल्या किनाऱ्याला ढकलतो. हिवाळ्यात तोच वारा ईशान्येकडून उलटा वाहतो, तो त्यांना परत नेतो. भर पावसाळ्यात, जून-जुलैत, वारा इतका पिसाळतो की शिडाच्या जहाजांना समुद्र बंदच. म्हणजे नैऋत्य वाऱ्याच्या सुरुवातीचे थोडे दिवस आणि शेवटचे थोडे दिवस एवढीच येण्याची संधी. ती चुकली की वर्ष चुकलं. हे ज्ञान फार जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तकात या वाऱ्यांचा उल्लेख आहे आणि त्यात आपलं कल्याण आणि चौल ही बंदरंही आहेत.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस इब्न माजिद नावाचा एक थोर अरब नाखवा होऊन गेला. तो आजच्या रास अल-खैमाजवळच्या जुल्फारचा. नौकानयनावर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात मौसिमांची सविस्तर चर्चा केली. कुठल्या बंदरातून कधी निघावं, शेवटची तारीख कुठली, सगळं. पण त्यात मला सर्वांत भावतं ते वेगळंच. या तारखा तो हिजरी महिन्यांत देत नाही. देता येणारच नाहीत. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. दरवर्षी ते अकरा दिवसांनी मागे सरकतं. म्हणून तर रमजान कधी थंडीत येतो, कधी भर उन्हाळ्यात, कधी पावसात. वारा मात्र सूर्याचा नोकर आहे. म्हणून हे मुसलमान खलाशी इराणी नवरोजपासून दिवस मोजत. नवरोजपासून इतकाव्या दिवशी शीड उभारावं, अशी त्यांची भाषा.

आता हे ऐकून तुम्हाला आपला शेतकरी आठवला असेल. त्याचे चैत्र-वैशाख हे महिनेही चंद्राचेच. अधिक महिना आला की ते पुढेमागे होतात. म्हणून पेरणीचा हिशेब तो महिन्यांवर ठेवत नाही, सूर्याच्या नक्षत्रांवर ठेवतो. सूर्य मृगात येतो तो सात-आठ जूनच्या सुमारास, दरवर्षी. आमच्या कोकणात मुसलमान शेतकरीही मृगाचीच वाट पाहतात. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. पाच वक्तांचे नमाजी, पण समुद्राचा हिशेब नारळी पुनवेपासून आणि शेताचा हिशेब मृगापासून. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. चंद्र देवाच्या कामाला, सूर्य पोटाच्या कामाला, असं ते म्हणत.

तर असा हा पक्क्या तारखांचा समुद्र. त्यात १४९८ साली वास्को द गामाची जहाजं आली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून तो २४ एप्रिलला निघाला. बरोबर तिथला एक माहीतगार वाटाड्या होता. नैऋत्येचा वारा नुकता सुरू होत होता. अवघ्या तेवीस-चोवीस दिवसांत मलबारचे डोंगर दिसले आणि २० मे रोजी त्यानं कालिकतजवळ नांगर टाकला. येताना मौसिम अचूक साधला होता.

परत जाताना मात्र तसं झालं नाही. सामुरी राजाशी बिनसलं आणि ऑगस्टच्या अखेरीस गामानं कालिकत सोडलं. वाटेत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तो थांबला. हे बेट आज गोवा राज्यात आहे. तिथून ५ ऑक्टोबरला तो भर समुद्रात शिरला. ईशान्येचा वारा अजून सुरू व्हायचा होता. कधी वारा पडलेला, कधी समोरून. जो समुद्र येताना तेवीस दिवसांत पार झाला, तोच परतताना तीन महिन्यांना तीन दिवस कमी इतका वेळ पुरला. ताजं अन्न नाही, पाणी मोजून. खलाशांच्या हिरड्या सुजल्या, अंगावर काळे-निळे डाग उठले. त्या एका टप्प्यात तीसेक माणसं मेली. पुढे जहाजं चालवायला पुरेशी माणसंच उरली नाहीत, म्हणून तीनांतलं एक जहाज त्यांना आपल्या हातानं जाळावं लागलं. महिना-दोन महिने थांबले असते तर हीच वाट सोपी झाली असती. मौसिम या शब्दाचा अर्थ पोर्तुगीज असा शिकले.

पुढच्या काही वर्षांत हा शब्द त्यांच्या कागदपत्रांत रुजला. आधी 'मोसांव'सारखं रूप दिसतं, मग त्यात अनुनासिक शिरून 'मोंसांव' स्थिर होतं. शेवटचं 'इम' जाऊन त्याजागी पोर्तुगीजांचं आवडतं 'आंव' आलं. परका शब्द घरात घेताना त्याला घरचे कपडे घालायचे, ही सगळ्याच भाषांची रीत आहे. आपण नाही का 'नाखुदा'चा नाखवा केला आणि 'सुक्कान'चं सुकाणू?

इथे एक खुलासा केलेला बरा. उत्तर पोर्तुगालमध्ये मिन्यो नदीच्या काठी, गॅलिशियाच्या अगदी समोर, मोंसांव याच नावाचं एक तटबंदीचं गाव आहे. लिहायचं, बोलायचं अगदी तसंच. त्यामुळे शब्द तिथलाच असावा असं कुणाला वाटेल. पण त्या गावाला राजाची सनद मिळाली १२६१ साली, गामाच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षं आधी. गावाचा आणि वाऱ्याचा संबंध नाही. दोन वेगळे शब्द योगायोगानं एकसारखे दिसतात, एवढंच. आणि गॅलिशियन भाषेत तर हा वाऱ्याचा शब्द 'मोन्थोन' असा, थोड्या वेगळ्या रूपात वावरतो.

पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. १५१० सालच्या वसंतात अफोन्सु द अल्बुकर्कनं गोवा घेतलं. मे महिन्यात आदिलशाही फौजेनं ते परत जिंकलं. अल्बुकर्कची जहाजं मांडवीत हटली, पण समुद्रात जाता येईना. पाऊस सुरू झाला होता आणि नदीच्या मुखावरचा वाळूचा दांडा खवळलेल्या लाटांत ओलांडणं अशक्य होतं. काठावर शत्रू, बाहेर समुद्र बंद. खाण्याचे हाल झाले, माणसं पळून जाऊ लागली. ऑगस्टच्या मध्यावर समुद्र थोडा शांत झाला तेव्हा कुठे ती सुटली. नोव्हेंबरच्या २५ तारखेला तो पुन्हा आला आणि गोवा कायमचं घेतलं. त्या विजयानंतर शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली, हेही त्या इतिहासात नोंदलेलं आहे. शब्द आपल्यापर्यंत कुठल्या वाटेनं आला हे सांगताना त्या वाटेवरचं रक्त पुसून टाकू नये.

गोवा हाती आल्यावर मोंसांव हा राज्यकारभाराचा शब्द झाला. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलमध्ये सुटत, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास ती गोव्याला लागत. परतीची जहाजं डिसेंबर-जानेवारीत निघत. गोव्याच्या व्हाइसरॉयनं जानेवारीत पत्र धाडलं तर त्याचं उत्तर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात, म्हणजे वीस महिन्यांनी. त्यामुळे एका वर्षाच्या जहाजांबरोबर आलेल्या राजाच्या सगळ्या पत्रांचा गठ्ठा म्हणजेच एक मोंसांव, असं कारकून मोजू लागले. पणजीच्या पुराभिलेखागारात या पत्रांचे खंड आजही आहेत. त्यांचं नाव 'मोंसोंइश दु रेइनु', म्हणजे राज्याकडून आलेले मोसम. असेच काही खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेले गेले, ते तिथे जपलेले आहेत. मराठी राज्याच्या इतिहासाचे अभ्यासकही हे कागद चाळतात. त्यांच्या पाठीवरचा मोंसांव हा शब्द पावसाचा नव्हे, डाकेचा आहे.

मग पावसाळ्याला ते काय म्हणत? 'इन्व्हेर्नु', म्हणजे हिवाळा! जून ते सप्टेंबर हा गोव्यातला हिवाळा, असं पोर्तुगीज कागदपत्रांत सर्रास आढळतं. अंगातून घाम निथळत असताना हिवाळा कसला, असं आपल्याला वाटेल. पण त्यांच्या घरी, लिस्बनला, मिन्योच्या खोऱ्यात, ओलं आणि बंदिस्त असं जे काही असतं ते हिवाळ्यात. तेव्हा जहाजं किनाऱ्याला ओढली आणि पाऊस सुरू झाला की त्यांच्या लेखी हिवाळा आला. म्हणजे बघा, मोंसांव होती समुद्र उघडा असल्याची वेळ आणि पाऊस ही समुद्र बंद असल्याची. आज आपण ज्याला मान्सून म्हणतो, तो त्यांच्या मोंसांवच्या जवळजवळ उलटा आहे.

हा शब्द त्यांनी आणखी दूर नेला. ब्राझीलमध्ये, समुद्रापासून शेकडो मैल आत, कुयाबाला अठराव्या शतकाच्या सुरुवातीस सोनं सापडलं. साओ पावलोजवळच्या तिएते नदीतून होड्यांचे तांडे तिकडे निघू लागले. वाट पाच-एक महिन्यांची, धबधब्यांची, हिवतापाची. नदीला पाणी भरपूर असेल त्याच महिन्यांत निघायचं, असा दंडक. या होड्यांना शीड नाही, वाऱ्याशी त्यांचा काही संबंध नाही. तरी या तांड्यांना नाव पडलं 'मोंसोंइश'. कारण निघण्याची ठरलेली वेळ होती. अल्मेइदा जुनियर या ब्राझिलियन चित्रकारानं १८९७ साली अशा तांड्याच्या निरोपाचं भव्य चित्र काढलं. ते साओ पावलोच्या संग्रहालयात आहे. नुसत्या बोलण्यातही पोर्तुगीजमध्ये मोंसांव म्हणजे चालून आलेली संधी. अरबी मुळातली ती खूण ब्राझीलच्या जंगलातही पुसली गेली नाही.

ती पुसली जाऊ लागली नंतर. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ अशी पाच वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिला. घरी गेल्यावर १५९६ साली त्यानं पुस्तक लिहिलं, दोन वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि पूर्वेच्या समुद्राची पोर्तुगीजांनी जपलेली माहिती सगळ्यांना खुली झाली. याच सुमारास पोर्तुगीज मोंसांव डच आणि इंग्रजी तोंडांत बसून मान्सून झाला. १६८६ साली एडमंड हॅले यांनी, होय, धूमकेतूवाले हॅलेच, या वाऱ्यांचा नकाशा काढला आणि ते का वाहतात हे सांगायचा प्रयत्न केला. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन चढते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावते. या विचारात पुढे बरीच भर पडली, पण पाया तोच. इथे शब्दाचा अर्थ काळावरून वाऱ्यावर सरकला. मग इंग्रज इथे राज्य करू लागले. जहाजांना वाफेची इंजिनं आली, त्यांना वाऱ्याची गरज उरली नाही. उरला तो शेतसारा, आणि शेतसारा पावसावर. दुष्काळ पडू लागले. १८७५ साली हिंदुस्थानचं हवामान खातं सुरू झालं आणि त्याच्यापुढचा मोठा प्रश्न हाच, यंदा पाऊस किती? वाऱ्यावरून शब्द पावसावर येऊन थांबला.

या सगळ्या प्रवासाचे दाखले गोळा करणाऱ्यांत आपल्या शेजारचा एक माणूस आहे. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु, १८५५ साली गोव्यात बारदेशातल्या आसगावला जन्मलेले. धर्मगुरू, कोकणीचे कोशकार, लिस्बनला संस्कृतचे प्राध्यापक. पूर्वेकडच्या भाषांतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांचा त्यांचा दोन खंडांचा कोश १९१९ आणि १९२१ साली निघाला. पोर्तुगीजमधून आशियाई भाषांत आलेल्या शब्दांवर त्यांनी त्याआधीच पुस्तक लिहिलं होतं. त्यात मराठीही आली. बटाटा, पाव, पगार, घमेलं, पिंप हे आपले शब्द पोर्तुगीजांकडून थेट आले. पण मान्सून मात्र शेजारच्या गोव्यातून मराठीत आला नाही. तो लंडनला वळसा घालून आला.

आणि तोवर त्याचा सख्खा भाऊ आपल्या घरात केव्हाच येऊन बसलेला होता. मौसिम फारसीतून, दख्खनीतून मराठीत आला तो 'मोसम' होऊन. आंब्याचा मोसम, लग्नाचा मोसम. अर्थ अगदी मुळाबरहुकूम: ठरलेली वेळ. शाळेच्या भूगोलात आपण 'मोसमी वारे' शिकलो ते हेच. एकच शब्द, दोन दारांनी आत आलेला. एक भाऊ इराणच्या वाटेनं पायी, दुसरा पोर्तुगाल, हॉलंड, इंग्लंड फिरून बोटीनं. आता दोघे एकमेकांना ओळखत नाहीत.

एकदा माझ्या एका कवितेत 'मान्सून' शब्द होता. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी प्रेमानं कळवलं, हा इंग्रजी शब्द खटकतो, त्याजागी शुद्ध मराठी 'मोसम' घालू का? मी लिहिलं, जरूर घाला. फक्त शुद्ध हा शब्द तेवढा मागे घ्या. दोन्ही शब्द एकाच अरबी आईचे. त्यांनी मोठ्या मनानं पत्र लिहून दाद दिली आणि कविता होती तशी छापली. मला यातून कुणाला टोचायचं नाही. पण अमुक शब्द आपला, अमुक परका, असा वाद निघतो तेव्हा मी मान्सूनची गोष्ट सांगतो. जो शब्द नसता तर आपल्याला साधा जून महिना वर्णन करता येणार नाही, तो आपला नाही तर कुणाचा?

पण मराठीची खरी कमाई मला दुसऱ्याच एका शब्दात दिसते: अवकाळी. गॅलिशियन माणूस पावसाला त्याच्या थेंबावरून नावं देतो; बारीक, जाड, भुरभुर. आपणही देतो. पण त्याखेरीज आपण पावसाला वेळेवरून नाव देतो. मृगाचा पाऊस, हस्ताचा पाऊस, वळवाचा पाऊस आणि ज्याची वेळ नव्हती तो अवकाळी. तोच थेंब, तेच पाणी. जूनमध्ये पडला तर वरदान, मार्चमध्ये पडला तर मोहर झडला, द्राक्षं गेली, कापलेला गहू भिजला. पावसाचं चांगलं-वाईट त्याच्या वेळेत असतं, हे या एका शब्दानं सांगितलं आहे. मौसिमचा मूळ अर्थ 'मान्सून' या शब्दानं वाटेत हरवला. 'अवकाळी'नं तो नकळत सांभाळला.

आणि आता तो सांभाळण्याची गरज आहे, कारण वर्षाच्या अंगावरचे ते डाग हलू लागले आहेत. हवामान खात्यानं २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्यानं ठरवल्या. मुंबईत येण्याची तारीख १० जूनवरून ११ जून झाली, एका दिवसाचाच फरक. पण मुंबईतून परत जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबरवर गेली. २०२३ साली मुंबईत मान्सून आला २५ जूनला. २०२५ साली तो आला २६ मे रोजी, मुंबईच्या नोंदींतली सर्वांत लवकरची तारीख. दोन वर्षांच्या अंतरानं एक महिन्याचा फरक. लवकर आला म्हणून पेढे वाटावेत, तर त्या वर्षी सुरुवातीच्या जोरानंतर त्याची वाटचाल अडखळली, आणि पेरणीची घाई करू नका असं शेतकऱ्यांना सांगावं लागलं. पहिल्या पावसाला भुलून बी टाकलं आणि पुढे पंधरा दिवस थेंब नाही, तर दुबार पेरणी. दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाणं, दुसऱ्यांदा मजुरी आणि बहुतेक वेळा दुसरं कर्ज.

म्हणून मला वाटतं, यंदा मान्सून किती टक्के, हा प्रश्न अर्धाच आहे. सरासरीच्या शंभर टक्के पाऊस झाला आणि तो चुकीच्या पंधरवड्यात झाला, तर आकडा खूश आणि शेतकरी कंगाल. अरब नाखवा पाऊस किती हे विचारत नसे, निघायचं केव्हा हे विचारत असे. गामाच्या माणसांनी त्या 'केव्हा'ची किंमत जिवानं मोजली. आपला कुणबी मृग-आर्द्रा मोजत तेच विचारत आला. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात मान्सून हा शब्द वाचाल तेव्हा किती मिलिमीटर हे वाचाच, पण कुठल्या तारखांना पडला आणि मधे किती दिवस दडी मारली, तेही पाहा. पेरणीचा निर्णय त्या तारखांवर होतो.